लेफ्ट विंगरचा डावा पाय

मी एक पाय आहे. डावा. शिसवी लाकडाचा, आठ नंबरचा. आणि सांगायला संकोच कशाला, पुण्याच्या कॅम्पातला एके काळचा सगळ्यांत नावाजलेला पाय.

जोडे करणारे लोक मला फर्मा म्हणतात. ते माझ्यावर जोडा चढवतात, ठोकतात, वाळवतात. जोडा तयार झाला की मला ओढून बाहेर काढतात आणि माझ्या जागी खरा पाय आत जातो. त्यामुळे जोडा जिथे जातो तिथे मला जाता येत नाही. मी आयुष्यात फुटबॉलचा एकही सामना पाहिलेला नाही. तरीही वेनहाओच्या खेळाबद्दल माझ्याइतकं कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही, कारण त्याचा प्रत्येक हंगाम माझ्या अंगावर ठोकलेला होता.

वेनहाओ म्हणजे आमच्या दुकानातला थोरला. चीनच्या दक्षिणेला मेइशिएन नावाचा मुलूख आहे, तिथे जन्मला. तिथली पोरं चालायच्या आधी चेंडू लाथाडतात असं त्याची आई सांगायची, आणि ती एरवी फुशारक्या मारणारी बाई नव्हती. बाप आधीच पुण्यात येऊन कॅम्पातल्या एका गल्लीत जोड्यांचं दुकान थाटून बसला होता. मागाहून आई दोघा मुलांना घेऊन आली. वेनहाओ मिसरूड फुटायच्या वयाचा, आणि धाकटा वेनलिन आईचं बोट धरलेला. धाकट्याला शाळेत घातलं. तिसरीत असताना त्याने मास्तरांच्या अंगावर पाटी फेकली आणि घरी निघून आला. बाप म्हणाला, "बरं. मग इथे बस." तो अजून तिथेच बसलेला आहे.

वेनहाओ सुरुवातीला अनवाणी खेळायचा. तेव्हा निम्मे खेळाडू तसेच खेळत. मग एका सामन्यात समोरच्या बॅकने बुटाच्या टाचेखाली त्याच्या डाव्या पायाची करंगळी चिरडली. त्याला खांद्यावर घालून दुकानात आणलं, तेव्हा बाप एका साहेबाच्या जोड्याला पॉलिश करत होता. त्याने मुलाच्या पायाकडे पाहिलं, हातातल्या जोड्याकडे पाहिलं, आणि ब्रश खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने शिसवीचा ठोकळा आणला. पाय बरा व्हायची वाटही पाहिली नाही, म्हणून माझी करंगळी जन्मापासून वाकडी आहे.

माझ्याबरोबर उजवाही कोरला. तो माझ्यासारखा बोलका नाही. वेनहाओ उजव्या पायावर नुसता उभा राहायचा. बाकी सगळं डाव्याने.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. गिऱ्हाइकाचा पाय बदलला म्हणून नवा फर्मा करत नाहीत. पाय जिथे वाढला असेल तिथे फर्म्यावर चामड्याची चकती खिळ्याने ठोकतात आणि कानशीने घासून सारखी करतात. सूज उतरली की चकती उपटतात. मला या चकत्यांचा फार अभिमान होता. पायाच्या वरच्या अंगाला बसली ती फ्री किक मारून मारून तिथलं हाड जाड झालं म्हणून. अंगठ्याच्या सांध्याची मिलिटरीच्या संघाशी खेळताना लागलं त्याची. टाचेवरची पातळ पट्टी करंडकाच्या अंतिम सामन्याची. त्या दिवशी त्याने उजव्या कोपऱ्यातून कॉर्नर मारला आणि चेंडू कुणाच्या डोक्याला न लागता वळून थेट जाळ्यात गेला.

हे सगळं मला कळायचं ते बाळमुळे. बाळ सदाशिव पेठेतला. वेनहाओ संघात डाव्या कडेने खेळायचा, लेफ्ट विंगर; बाळ त्याच्या शेजारी, इनसाइड लेफ्ट. सामना संपला की सायकल दुकानाला टेकवून ठेवायचा, आत येऊन बसायचा आणि सगळा सामना पुन्हा खेळून दाखवायचा.

"लिन्या, तुझ्या भावाने कॉर्नर मारला, तेव्हा मी हेड करायला उडी मारली होती," त्या दिवशी तो सांगत होता. "चेंडू माझ्याकडे बघून म्हणाला, तू राहू दे, मी जातो."

धाकटा वेनलिन इतका हसला की त्याने आरी स्वतःच्या मांडीत खुपसून घेतली. तो भावाला 'आको' म्हणायचा. त्यांच्या बोलीत आको म्हणजे दादा. आको बोलला की तो ऐकायचा. दुसऱ्या कुणाचं त्याने कधी ऐकलं नाही.

पुढे राज्याच्या संघाच्या निवडीसाठी वेनहाओला मुंबईला बोलावलं. तो खेळला, यादीत नाव आलं, आणि मग कुणीतरी कागद मागितले. कागदावर तो चिनी नागरिक होता. संध्याकाळच्या गाडीने परत आला आणि बापाला म्हणाला, "आपा, टाच जरा सैल वाटते. घट्ट करा." बस, एवढंच. पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात.

मग बासष्ट साली चीनशी युद्ध झालं. चिनी माणसांनी पोलीस चौकीवर हजेरी लावायची, परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही, असा हुकूम आला. संघाने काय करावं? संघाने बाहेरगावी खेळायला जाणंच बंद केलं. बाहेरचे लोक विचारायचे, तुम्हाला प्रवासाचा एवढा कंटाळा का? बाळ सांगायचा, "आम्ही पुणेकर. ज्यांना आमच्याशी हरायचंय त्यांनी इथे यावं."

पण गावातलं मैदानही बदललं होतं. त्या हंगामाच्या शेवटी वेनहाओने एक गोल केला. बाळने तो मला कधी खेळून दाखवला नाही. नुसतं सांगितलं की गोल चांगला होता आणि पंचाच्या शिट्टीशिवाय मैदानात काही वाजलं नाही.

वेनहाओने बूट दुकानाच्या फळीवर ठेवले. आपाने सवयीने मला उचललं, पायाला कुठे सुजलंय का बघायला. वेनहाओ म्हणाला, "नको आपा. आता लागणार नाही."

त्यानंतर तो बापाच्या शेजारी, धाकट्याच्या समोर बसला आणि साठ वर्षं जोडे करत राहिला. कॉलेजच्या मुलींच्या सँडल, लग्नाचे बूट, ज्याचा एक पाय आखूड आहे त्याचा जाड तळव्याचा जोडा. हात फार चांगला होता त्याचा. स्वतःसाठी मात्र त्याने एकही जोडा केला नाही. रबरी स्लिपरवर राहिला. पुढे साखर निघाली, तेव्हापासून पायात मोजे आणि वर स्लिपर. लग्न केलं नाही. बाप गेला, आई गेली, बाळची सायकल जाऊन स्कूटर आली, स्कूटर जाऊन रिक्षा आली. मी आणि उजवा माळ्यावर एका गोणपाटात होतो. आम्हाला वाळवी लागली नाही. शिसवी आहोत आम्ही.

या वर्षी थंडी सरताना एका सकाळी वेनहाओ चहाचा कप हातात घेऊन बसला आणि तसाच गेला. एक्क्याण्णव वर्षांचा होता. लोक म्हणाले, सोनं झालं, काही भोगलं नाही. वेनलिन चौऱ्याऐंशीचा. त्याला हे ऐकवेना. एका माणसाला तर त्याने दारातूनच परत पाठवलं.

कोलकात्याहून नातेवाईक येईपर्यंत थांबायचं ठरलं. दुकानाच्या मागच्या खोलीत बर्फाची पेटी आणून त्यात वेनहाओला ठेवलं. वेनलिन त्या खोलीत पाऊल टाकेना. दुकान उघडून आपल्या जागेवर बसून राहिला, समोरच्या रिकाम्या पाटाकडे बघत. त्याची मुलगी मेई हिंजवडीच्या कंपनीत आहे. तिने रजा टाकली आणि सगळं ती बघू लागली.

"बाबा, सिउ आत्या कपडे घेऊन येतेय," ती म्हणाली. "पायात घालायला कापडी चपलापण. सगळं अरेंज झालंय, तुम्ही टेन्शन घेऊ नका."

"चपला?"

"कापडी हो. आपल्यात चामडं चालत नाही ना. आजीच सांगायची, चामडं घालून गेलेला माणूस पुढच्या जन्मी जनावर होतो."

"साठ वर्षं स्लिपर फरफटत काढली त्याने," वेनलिन म्हणाला. "वर जातानाही चपलाच? माझा भाऊ लेफ्ट विंगर होता. चपला घालून नाही जायचा तो."

"मग काय घालून जाणार?"

"बूट."

"बाबा! लेदर नाही चालत, आत्ताच सांगितलं ना!"

"लेदर कोण म्हणालं?"

आणि चौऱ्याऐंशी वर्षांचा तो माणूस शिडी लावून माळ्यावर चढला. मेई खालून ओरडत होती. त्याने गोणपाट ओढलं, त्याबरोबर आम्ही दोघे त्याच्या छातीवर आदळलो. इतक्या वर्षांनी उजेड पाहिला मी. वेनलिनने बाहीने माझं तोंड पुसलं.

आई जिवंत असताना घरात घालायचे कापडी जोडे शिवायची. कापडाचे थर भाताच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, दाबायचे, वाळवायचे, आणि जाड दोऱ्याने टाके घालून त्याचा तळवा करायचा. वेनलिनने ते फक्त लहानपणी पाहिलं होतं. पण हात विसरत नाहीत. काळं जाड कापड आलं, मेईने भात शिजवला, थर चढले, वरून इस्त्री फिरली. झाडूच्या दांड्याचे तुकडे करून त्याने तळव्याखालचे स्टड कोरले.

तेवढ्यात बाळ आला. नव्वदीला टेकलाय. काठी टेकत पायरी चढला.

"रिक्षावाल्याला म्हटलं मयताला जातोय, तर म्हणतो, येताना कोण असेल तुमच्याबरोबर?" असं म्हणून तो वेनहाओच्या रिकाम्या पाटावर बसायला गेला, थबकला, आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. "लिन्या, दुकान उघडं कसं? भाऊ गेलाय ना तुझा?"

"काम आहे."

"कुणाचं?"

"त्याचंच."

बाळने माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर चढलेलं काळं कापड पाहिलं. त्याला सगळं कळलं असावं, कारण तो बराच वेळ नाक पुसत राहिला. मग एक स्टड उचलून म्हणाला, "हे फार लांब आहेत."

"मैदान ओलं असलं तर?"

"हां. तेही खरंच."

आता माझं सांगतो. त्या दिवशी मी फार खुशीत होतो. सुई दोनदा वेनलिनच्या बोटात गेली, पण कापड माझ्यावर असं ताणून बसलं की सुरकुती नाही. फ्री किकची चकती, अंगठ्याची चकती, टाचेची पट्टी, सगळं त्या बुटात उतरलं. मला बाहेर ओढलं तेव्हा बूट तसाच उभा राहिला, भरलेला. मला वाटलं, हा आत्ता चालायला लागेल.

वेनलिन ते बूट घेऊन पहिल्यांदा मागच्या खोलीत गेला. मेई बरोबर होती. मी फळीवरून कान देऊन होतो. मग मेईचं, "बाबा, जोर लावू नका. बाबा, प्लीज." मग वेनलिन बाहेर आला, त्याने बूट कोपऱ्यात भिरकावले आणि मला उचलून जमिनीवर आपटलं.

"तुझ्यामुळे!" तो माझ्यावर ओरडला. "आत जात नाही! बोटंसुद्धा आत जात नाहीत! कुणाचा पाय आहेस तू?"

मला काही झालं नाही. फरशीचा टवका उडाला. मला मात्र राग आला होता. साठ वर्षं मी तसूभर हललो नव्हतो. माझ्याकडे बोट दाखवणारा हा कोण?

बाळने वाकून, कण्हत मला उचललं आणि मांडीवर घेतलं.

"लिन्या, तू बूट कुणाच्या पायाचे शिवलेस?"

"आकोच्या. दुसऱ्या कुणाच्या?"

"कुठल्या सालच्या आकोच्या?"

वेनलिन खाली फरशीवर बसला.

या माणसाची एक सवय तुम्हाला सांगायला हवी. दुकानात जुनं गिऱ्हाईक आलं, अगदी गेल्या दिवाळीला जोडा नेलेलं, तरी वेनलिन त्याचं माप नव्याने घेतो. गिऱ्हाइकं वैतागतात. तो म्हणतो, पाय तोच, माप तेच नसतं. आणि स्वतःच्या भावाचं, समोर बसून आयुष्य काढलेल्या माणसाचं माप त्याने घेतलं नव्हतं. कारण माप घ्यायचं तर मोजे काढावे लागले असते. ते पाय बघावे लागले असते. त्याला ते पाय नको होते. त्याला माझ्यासारखे हवे होते.

"मी नाही घेऊ शकत त्याचं माप," तो म्हणाला. पोरासारखा, फरशीवर बसून. "बाळ, तू घे."

"मी पोस्टात होतो," बाळ म्हणाला. "मला पार्सलचं वजन करता येतं. ऊठ."

वेनलिन उठला. त्याने एक वर्तमानपत्र घेतलं, पेन्सिल घेतली, कागदाची लांब पट्टी फाडली. आणि काय मनात आलं त्याच्या, त्याने मलाही काखेत मारलं.

तर मी त्या खोलीत गेलो. पेटीचं झाकण उघडं होतं. मेईने मोजे काढले, आणि मला त्या पायाशेजारी ठेवलं.

मी त्याला ओळखलं नाही. खरं तेच सांगतो. अंगठा दुसऱ्या बोटावर चढून बसला होता. वरचा उंचवटा, माझी सगळ्यांत देखणी जागा, खचून सपाट झाला होता. सांध्याचं हाड बाहेर आलेलं. टाच वाळलेली, चिरलेली. असा पाय मी कधी पाहिला नव्हता. मी शोधत राहिलो. मग करंगळी दिसली. आत वळलेली, माझ्यासारखीच. तेवढी एक जागा अजून आमची दोघांची होती.

वेनलिनने वर्तमानपत्र पायाखाली सरकवलं. पेन्सिल उभी धरून पायाच्या कडेने फिरवायला लागला. आणि मग, जन्मभर ज्या गिऱ्हाइकाचं माप घेतलं त्या प्रत्येकाला सांगितलं तेच तोंडातून गेलं.

"पाय सैल सोड, आको."

मेईने तोंडावर ओढणी दाबली. बाळ दारात उभा होता, त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. वेनलिन थांबला नाही. तो रडत होता आणि पेन्सिल फिरत होती. कागदाची पट्टी त्याने सांध्याभोवती गुंडाळली, जिथे टोकं जुळली तिथे नखाने चीर दिली. मग पायाच्या मध्यावर, मग टाचेवर. एका पायाचं झालं, मग दुसऱ्याचं. माप घेऊन झालं तरी त्याने पाय सोडला नाही. दोन्ही हातांत धरून बसला. थंड होता, तरी धरून बसला.

बाहेर आल्यावर माझ्यावर काम सुरू झालं. जुन्या चकत्या त्याने पक्कडीने उपटल्या. एकेक. फ्री किकची निघाली तेव्हा मला दुखलं, पण मी कुरकुरलो नाही. अंगठ्याच्या जागी जाड थर चढला, सांध्याला मोठा तुकडा. उंचवटा त्याने कानशीने घासून खाली आणला. माझा भुसा त्याच्या मांडीवर पडत होता.

"चामडं वापरतोयस," बाळ खिळे हातावर देत म्हणाला. "चालतं का?"

"हा इथेच राहणार आहे. याला जनावर व्हायची भीती नाही."

संध्याकाळपर्यंत मी वाकडा, रुंद, फुगलेला झालो होतो. मला आरशात पाहायला आवडलं नसतं. पण कापड पुन्हा चढलं तेव्हा मला समजलं की हे काम पहिल्यापेक्षा अवघड आहे आणि वेनलिन ते पहिल्यापेक्षा चांगलं करतोय. तरण्या पायाला कुणीही बूट शिवेल. अशा पायाला, कुठे टोचणार नाही असा बूट शिवायला माणूस घडलेला लागतो. उजव्या पायाचे टाके मेईने घातले. ती आयुष्यात कधी त्या पाटावर बसली नव्हती. टाके वाकडे आले. वेनलिनने पाहिले, आणि जो माणूस नोकराचा एक टाका चुकला तर अख्खा जोडा उसवायचा, तो म्हणाला, "असू दे. उजवा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोलकात्याहून सिउ आत्या, वेनलिनची चुलत बहीण, आली. तिने बूट नाकाशी नेऊन वास घेतला, तळवा दाबून पाहिला, स्टडवर नख मारलं. मग पिशवीतून आणलेल्या चपला पुन्हा पिशवीत ठेवल्या.

बूट पायात गेले. जोर लावावा लागला नाही. डावा तर असा गेला, मेई सांगत होती, की जणू पायानेच आत पाऊल टाकलं. वेनलिनने नाडी तळव्याखालून एक वेढा देऊन बांधली, खेळाडू बांधतात तशी.

मला अर्थात नेलं नाही. आमच्या नशिबात ते नसतं, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. मी दुकानाच्या फळीवर होतो. संध्याकाळी दफनभूमीतून सगळे परत आले, तेव्हा मेईने मला हातात घेतलं.

"बाबा, आता हे पॅच काढायचे का? आधीसारखा करू या ना. शोकेसमध्ये छान दिसेल. चॅम्पियनचा पाय."

वेनलिनने मला तिच्या हातातून घेतलं. अंगठ्याच्या वाकड्या चकतीवरून बोट फिरवलं.

"हा आकोचा पाय आहे," तो म्हणाला. "याला हात लावू नको."

म्हणून मी असा आहे. कॅम्पात कधी आलात तर या, बघा मला. रस्त्याकडच्या फळीवर उभा आहे, शेजारी उजवा. कुणी मला हसतं, कुणी विचारतं हा पाय कुणाचा, इतका वाकडा. मला त्याचं काही वाटत नाही. एका माणसाचे एक्क्याण्णव वर्षांचे पाय मला पुरते ठाऊक आहेत. पुण्यात दुसऱ्या कुठल्या लाकडाला हे सांगता येईल?

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, त्याचे मोजे एकदा काढा. पाय मांडीवर घ्या. कागद ठेवा, पेन्सिल फिरवा. जोडा शिवायचा नसला तरी चालेल. त्याला गुदगुल्या होतील, तो म्हणेल हा काय चावटपणा. म्हणू दे. पाय गरम आहे तोवर माप घ्या.

माझी काळजी करू नका. मी शिसवी आहे.